कॉलेज फुटबॉल: संघाच्या विजयाची टक्केवारी नेमकी कशी काढायची

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या तक्त्यात गुण नसतात. आयपीएलचा तक्ता वाचायची सवय असलेल्याला ते आधी खटकते. विजयाला दोन गुण, निकाल न लागल्यास एक, बरोबरी झाली की नेट रनरेट, यातले काहीच इथे नाही. संघाच्या नावापुढे १३–३ किंवा ७–५ अशी आकड्यांची जोडी असते आणि शेजारी .८१३ किंवा .५८३ असा दशांश. संघ तक्त्यात वर की खाली, हे तो दशांश ठरवतो.

हा भागाकार शाळेतल्या कोणत्याही मुलाला जमेल, आणि तरीही दोन ठिकाणी एकाच संघाची दोन वेगळी उत्तरे सापडतात. कारण चूक होते ती भागण्याच्या आधी: कोणता सामना धरायचा, तो कोणत्या हंगामात टाकायचा आणि कोणाच्या खात्यावर लिहायचा. म्हणून या लेखात सूत्राला थोडी जागा दिली आहे आणि मोजणीला भरपूर.

मूळ सूत्र

जिंकलेल्या सामन्यांत बरोबरीत सुटलेल्या सामन्यांची निम्मी संख्या मिळवा. या बेरजेला एकूण सामन्यांनी, म्हणजे जिंकलेले, हरलेले आणि बरोबरीतले मिळून जितके होतात त्या संख्येने भागा. उत्तर तीन दशांश स्थळांपर्यंत लिहा.

ओहायो स्टेटने २०२४ च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद मिळवले तेव्हा नोंद होती १४–२. एकूण सामने १६. १४ भागिले १६ बरोबर .८७५. याच संघाची २०२० च्या कोविड हंगामातली नोंद ७–१ आहे. ७ भागिले ८, पुन्हा .८७५. एक हंगाम दुसऱ्याच्या दुप्पट लांब, तरी दशांश तोच. म्हणून टक्केवारी एकटी कधीच लिहू नये, शेजारी मूळ नोंद हवीच.

लिहिण्याची पद्धत ठरलेली आहे. दशांशचिन्हाच्या आधी शून्य नाही, पुढे नेहमी तीन आकडे: .७५०, .५००, .०७७. सगळे सामने जिंकले तर १.०००. नाव टक्केवारी असले तरी शंभराने गुणत नाहीत, ७५.० असे लिहिलेत तर इतर कोणत्याही तक्त्याशी तुमचा तक्ता जुळणार नाही.

नेहमीच्या नोंदी पाठ असल्या की चूक नजरेने पकडता येते. नियमित हंगाम १२ सामन्यांचा असतो, त्याचे आकडे असे:

११–१ म्हणजे .९१७
१०–२ म्हणजे .८३३
९–३ म्हणजे .७५०
८–४ म्हणजे .६६७
७–५ म्हणजे .५८३
६–६ म्हणजे .५००
५–७ म्हणजे .४१७

तेराव्या सामन्यानंतर, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत हंगामअखेरच्या बोल सामन्यानंतर (पात्र संघांना मिळणारा जादा सामना):

१२–१ म्हणजे .९२३
११–२ म्हणजे .८४६
१०–३ म्हणजे .७६९
९–४ म्हणजे .६९२
८–५ म्हणजे .६१५
७–६ म्हणजे .५३८

बारा सामन्यांत एका निकालाची किंमत साधारण .०८३ असते. एका विजयाच्या फरकाने टक्केवारी .०८३ च्या आसपास हलली नाही, तर कुठेतरी सामना सुटला आहे किंवा दोनदा धरला आहे.

बरोबरी: जुन्या नोंदींतला मुख्य अडथळा

आज कॉलेज फुटबॉलमध्ये बरोबरी होत नाही. सर्वोच्च विभागात १९९५ च्या हंगामातल्या बोल सामन्यांपासून आणि १९९६ पासून सर्वच सामन्यांत जादा वेळ खेळवून निकाल लावला जातो. या विभागातली शेवटची बरोबरी २५ नोव्हेंबर १९९५ ची, विस्कॉन्सिन आणि इलिनॉय यांच्यात ३–३ अशी. त्या हंगामात इलिनॉयची नोंद ५–५–१ झाली आणि विस्कॉन्सिनची ४–५–२. तिसरा आकडा बरोबरीचा. इलिनॉय: ५ अधिक .५, भागिले ११, म्हणजे .५००. विस्कॉन्सिन: ४ अधिक १, भागिले ११, म्हणजे .४५५.

बरोबरी अर्धा विजय धरणे ही आज रूढ असलेली पद्धत. पण जुन्या कागदपत्रांत आणखी दोन पद्धती भेटतात. एकीत बरोबरीचा सामना झालाच नाही असे समजतात. व्यावसायिक लीग एनएफएलमध्ये १९७१ च्या हंगामापर्यंत हाच हिशेब होता. दुसरीत सामना छेदात धरतात, पण अंशात काहीच देत नाहीत, म्हणजे बरोबरी पराभवाइतकीच महाग पडते. नोत्र दामच्या दोन थोर प्रशिक्षकांवर तिन्ही पद्धती लावून पाहा. नूट रॉकनी १०५–१२–५ आणि फ्रँक लेही १०७–१३–९.

अर्धा विजय धरला तर रॉकनी .८८१, लेही .८६४.
बरोबरी वगळली तर रॉकनी .८९७, लेही .८९२.
बरोबरीला शून्य दिले तर रॉकनी .८६१, लेही .८२९.

पूर्णांकनाआधी पाहिले तर दोघांमधले अंतर पद्धतीगणिक .००६ पासून .०३१ पर्यंत बदलते, कारण लेहींच्या खात्यात बरोबऱ्या जवळजवळ दुप्पट आहेत. रॉकनींचा .८८१ हा सर्वोच्च विभागातला प्रशिक्षकांचा उच्चांक म्हणून सांगितला जातो तो अर्ध्या विजयाच्या हिशेबाने. कुठे .८९७ दिसले तर आकडा खोटा नाही, पद्धत वेगळी आहे.

म्हणून ऐतिहासिक तक्ता करताना बरोबरीचा रकाना स्वतंत्रच ठेवा. १९ नोव्हेंबर १९६६ च्या नोत्र दाम–मिशिगन स्टेट सामन्यात गुणफलक १०–१० वर थांबला आणि दोन्ही संघांनी हंगाम ९–०–१ असा संपवला. टक्केवारी .९५०. तिसरा आकडा गाळला की दोघे १.००० होतात आणि बरोबरीशिवाय सगळे सामने जिंकलेल्या संघांच्या पंगतीला बसतात.

कोणते सामने धरायचे

संघाच्या एकूण नोंदीत नियमित हंगाम, कॉन्फरन्सचा (संघांच्या गटाचा) अंतिम सामना, बोल सामने आणि प्लेऑफ (राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेऱ्या), सगळे येते. गोंधळ होतो याचे एक कारण असे, की एनसीएए (कॉलेज क्रीडा चालवणारी संघटना) खेळाडूंच्या वैयक्तिक आकडेवारीत २००२ पूर्वीचे बोल सामने धरत नसे. तो नियम खेळाडूच्या यार्डांचा होता, संघाच्या जय-पराजयाचा नव्हे. जुन्या हंगामातून बोल सामना वगळू नका.

खालच्या विभागातल्या संघाविरुद्धचा सामनाही एकूण नोंदीत पूर्ण सामना म्हणूनच येतो. बोल सामन्याची पात्रता ठरवताना अशा विजयांवर मर्यादा आहे, पण तो पात्रतेचा प्रश्न. टक्केवारीत विजय हा विजय.

हंगामाचे वर्ष म्हणजे तो सुरू झाला ते वर्ष. ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४–२३ असे हरवले २० जानेवारी २०२५ ला, पण तो सामना २०२४ च्या हंगामाचा. सामन्यांची यादी तारखेवरून वर्षवार लावली की जानेवारीतले सगळे मोठे सामने चुकीच्या वर्षात जाऊन पडतात. एका हंगामाला एक विजय कमी, पुढच्याला एक जास्त. यादीत तारखेशेजारी ‘हंगाम’ असा वेगळा रकाना ठेवा आणि तो हाताने भरा.

सुरू झाला पण पूर्ण झाला नाही, असा सामना. १ सप्टेंबर २०१८ ला नेब्रास्का आणि ऍक्रन यांचा सामना सुरू होताच विजांमुळे थांबला, मग रद्द झाला. दोघांच्याही नोंदीत तो नाही. त्याच हंगामाच्या शेवटी, २६ डिसेंबरला, बॉस्टन कॉलेज आणि बॉइझी स्टेट यांचा फर्स्ट रिस्पाँडर बोल वादळी हवामानामुळे सोडून द्यावा लागला. तेव्हा बॉस्टन कॉलेज ७–० ने पुढे होते, तरी निकाल ‘सामना नाही’ असाच. संघाची नोंद ७–५ राहिली, .५८३. कोणी गुणफलक पाहून विजय लिहिला तर ८–५ होते आणि .६१५ दिसते. बरोबरी म्हणून लिहिले तर ७–५–१, म्हणजे .५७७. दोन्ही चूक. ‘सामना नाही’ म्हणजे अंशातही नाही आणि छेदातही नाही.

घरच्या आणि बाहेरच्या मैदानांची टक्केवारी वेगळी काढायची असेल तर तिसरा गट लागतोच: तटस्थ मैदान. टेक्सस आणि ओक्लाहोमा डॅलसच्या कॉटन बोल मैदानावर भिडतात. वेळापत्रकात एकाला यजमान म्हटलेले असते, पण स्टेडियम मधोमध दुभागलेले असते. असा सामना घरच्या खात्यात टाकला की दर दोन वर्षांनी एका संघाची घरची टक्केवारी उगाच हलते. कॉन्फरन्सचे अंतिम सामने आणि बोल सामनेही बहुधा तटस्थच. अपवाद बारा संघांच्या प्लेऑफची पहिली फेरी. ती वरच्या मानांकित संघाच्या घरच्या मैदानावर खेळवतात, त्यामुळे घरच्या खात्यात जाते.

काढून घेतलेले विजय

नियमभंगाची शिक्षा म्हणून एनसीएए मागच्या हंगामांतले विजय काढून घेते. शिक्षेचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचा हिशेब अगदी वेगळा.

पहिला प्रकार, विजय रद्द करणे. संघाचा विजय पुसला जातो, पराभव जसेच्या तसे राहतात आणि प्रतिस्पर्ध्याचा पराभवही पराभवच राहतो. नोत्र दामची २०१२ ची मैदानावरची नोंद १२–१, टक्केवारी .९२३. पुढे ते १२ विजय रद्द झाले. अधिकृत नोंद उरली ०–१, म्हणजे.०००. पण त्याच हंगामात नोत्र दामकडून हरलेल्या स्टॅनफर्डला विजय मिळाला नाही. त्यांची नोंद १२–२ होती, तीच राहिली, .८५७.

दुसरा प्रकार, सामना बहाल करणे. इथे विजय किंवा बरोबरीचा पराभव होतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात विजय जमा होतो. अलाबामाचा १९९३ चा हंगाम मैदानावर ९–३–१ होता: ९.५ भागिले १३, म्हणजे .७३१. आठ विजय आणि एक बरोबरी बहाल करावी लागली, अधिकृत नोंद १–१२, म्हणजे .०७७. बघा, छेद १३ चा १३ च आहे. पहिल्या प्रकारात छेद आकसतो, दुसऱ्यात तो हलत नाही. एखाद्या जुन्या नोंदीपुढे फुली दिसली की आधी सामन्यांची एकूण संख्या तपासा, शिक्षा कोणत्या प्रकारची होती ते तिथेच कळते.

प्रशिक्षकांच्या कारकिर्दीत हा फरक किती मोठा होऊ शकतो, ते पेन स्टेटच्या जो पॅटर्नोंच्या आकड्यांत दिसते. २०१२ मध्ये पेन स्टेटचे १९९८ ते २०११ मधले ११२ विजय रद्द झाले, त्यांतले १११ पॅटर्नोंचे. नोंद २९८–१३६–३ वर आली, टक्केवारी .६८५. जानेवारी २०१५ मध्ये विजय परत मिळाले आणि नोंद पुन्हा ४०९–१३६–३ झाली, .७४९. मधल्या अडीच वर्षांत छापलेल्या संदर्भात खालचा आकडा सापडेल. त्या ११२ पैकी उरलेला एक विजय टॉम ब्रॅडली यांचा, कारण २०११ च्या हंगामाचे शेवटचे चार सामने त्यांनी सांभाळले. संघाचा हंगाम ९–४ असला तरी तो पॅटर्नोंच्या खात्यात ८–१ आणि ब्रॅडलींच्या खात्यात १–३ असा वाटला जातो. संघाच्या हंगामांची बेरीज करून प्रशिक्षकाची टक्केवारी काढायला जाल तर अशा ठिकाणी फसाल.

मग धरायचे काय? अधिकृत विक्रमांची यादी करत असाल तर एनसीएएची नोंद. संघ प्रत्यक्षात किती चांगला खेळला हे मोजत असाल तर मैदानावरची नोंद. दोन्ही रकाने शेजारी ठेवणे सर्वांत बरे. एकाच तक्त्यात काही संघ अधिकृत आणि काही मैदानावरचे, अशी भेसळ मात्र कधीही नको.

अनेक हंगाम एकत्र करताना

टक्केवाऱ्यांची सरासरी काढू नका. आधी विजय विजयांत मिळवा, सामने सामन्यांत, मग एकदाच भागा.

यूएससीने (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) २०२० मध्ये फक्त सहा सामने खेळले: ५–१, म्हणजे .८३३. पुढच्या वर्षी ४–८, म्हणजे .३३३. दोन टक्केवाऱ्यांची सरासरी .५८३ येते. प्रत्यक्षात दोन वर्षांत १८ सामने, ९ विजय, ९ पराभव: .५००. सरासरीने या संघाला जिंकणारा संघ ठरवले, खरा हिशेब त्याला बरोबर मध्यावर ठेवतो. सहा सामन्यांच्या हंगामाला बारा सामन्यांच्या हंगामाएवढे वजन मिळाल्याचा हा परिणाम. २०२० चा हंगाम मधे असलेल्या कोणत्याही पाच किंवा दहा वर्षांच्या हिशेबात ही चूक हमखास सापडते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतही तेच, कारण तेव्हा संघ वर्षाला मनाला येईल तितके सामने खेळत.

कॉन्फरन्सचा तक्ता

इथे मोजायचे ते फक्त कॉन्फरन्समधल्या संघांशी झालेले, कॉन्फरन्सच्या वेळापत्रकातले सामने. या वाक्यातले दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये कॅन्सस स्टेटने ऍरिझोनाला ३१–७ हरवले. दोघेही बिग १२ चे सदस्य, तरी तो सामना बिग १२ च्या तक्त्यात नाही, कारण ऍरिझोना या कॉन्फरन्समध्ये येण्यापूर्वीच तो ठरला होता आणि कॉन्फरन्सबाहेरचा म्हणूनच खेळवला गेला. त्याच महिन्यातल्या यूटा–बेलर सामन्याचेही तसेच. नुसत्या संघांच्या नावांवरून गाळणी लावली तर हे दोन्ही सामने आत शिरतात.

कॉन्फरन्सचा अंतिम सामनाही या तक्त्यात धरत नाहीत, एकूण नोंदीत धरतात. २०२४ मध्ये एसईसी या कॉन्फरन्सच्या तक्त्यात टेक्सस ७–१ (.८७५) आणि जॉर्जिया ६–२ (.७५०). अंतिम सामना जॉर्जियाने जादा वेळेत २२–१९ असा जिंकला. तक्ता तसाच राहिला, करंडक जॉर्जियाकडे गेला. एकूण नोंदीत तो सामना आला: जॉर्जिया ११–३ (.७८६).

तक्ता पूर्ण झाला की एक तपासणी न चुकता करा. कॉन्फरन्समधले सगळे विजय आणि सगळे पराभव यांची बेरीज सारखी यायला हवी. सोळा संघ, प्रत्येकी आठ सामने, म्हणजे १२८ नोंदी: ६४ विजय, ६४ पराभव. एकाचाही फरक पडला तर निकाल एका बाजूला लिहिला आणि दुसऱ्या बाजूला राहून गेला. याच कारणाने सतरा संघांच्या एसीसी या कॉन्फरन्समध्ये सर्वांना नऊ-नऊ सामने देणे अशक्य आहे: १७ गुणिले ९ म्हणजे १५३, ही विषम संख्या, आणि प्रत्येक सामना दोन संघांच्या खात्यात जातो. एका तरी संघाला आठच सामने मिळणार. तेव्हा ८ छेद असलेला संघ आणि ९ छेद असलेला संघ शेजारी येतात: ७–१ म्हणजे .८७५, ७–२ म्हणजे .७७८, ८–१ म्हणजे .८८९. असे असमान छेद हाताळण्यासाठीच गुणांऐवजी टक्केवारी वापरतात.

प्रतिस्पर्ध्यांची टक्केवारी

कोण किती अवघड वेळापत्रक खेळले, हे मोजायला प्रतिस्पर्ध्यांची एकत्रित टक्केवारी काढतात. प्लेऑफ येण्याआधी राष्ट्रीय अंतिम सामन्याचे दोन संघ बीसीएस नावाच्या क्रमवारीने ठरत. तिच्या सुरुवातीच्या काळात, १९९८ ते २००३ पर्यंत, वेळापत्रकाची काठिण्यपातळी हा क्रमवारीचा स्वतंत्र घटक होता: दोन तृतीयांश वजन प्रतिस्पर्ध्यांच्या नोंदीला, एक तृतीयांश प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना.

कृती अशी. सगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या नोंदी एकाखाली एक लिहा. प्रत्येकातून तुमच्या संघाविरुद्धचा सामना वजा करा. उरलेले विजय आणि पराभव बेरजेला घ्या आणि शेवटी भागा.

वजाबाकी का करायची ते छोट्या उदाहरणात पाहू. समजा तुमच्या संघाने तीन संघांना हरवले आणि त्यांच्या नोंदी ८–४, ६–६, ३–९ अशा आहेत. तशीच बेरीज केली तर १७–१९, म्हणजे .४७२. पण त्यांच्या पराभवांतले तीन तुमच्याच संघाने दिलेले. ते काढले की ८–३, ६–५, ३–८. बेरीज १७–१६, म्हणजे.५१५. पहिल्या पद्धतीत चांगला संघ जिंकल्याबद्दल शिक्षा भोगतो: जितके जास्त जिंकाल तितके तुमचे प्रतिस्पर्धी दुबळे दिसतात.

मात्र एका ठिकाणी वजाबाकी केली न केली तरी क्रम बदलत नाही. टायब्रेकरमध्ये, म्हणजे सारख्या नोंदीच्या संघांतून निवड करण्याच्या नियमात, बरोबरीत असलेले संघ कॉन्फरन्सपुरते पाहिले तर सारख्याच नोंदीचे असतात. प्रत्येकजण ६–२ असेल, तर प्रत्येकाच्या प्रतिस्पर्ध्यांच्या बेरजेतून दोनच विजय आणि सहाच पराभव वजा होणार. सर्वांतून सारखेच गेले, त्यामुळे क्रम तोच. अट एवढीच, की सर्व संघांचे सामने सारखे असावेत.

हा टायब्रेकर किती निर्णायक ठरू शकतो ते २०२५ मध्ये एसीसीत दिसले. व्हर्जिनिया ७–१ वर पहिले आणि मागे पाच संघ ६–२ वर: ड्यूक, मायामी, जॉर्जिया टेक, एसएमयू, पिट्सबर्ग. एकूण नोंद पाहिली तर मायामी १०–२ (.८३३) आणि ड्यूक ७–५ (.५८३). पण निर्णय कॉन्फरन्समधल्या प्रतिस्पर्ध्यांच्या एकत्रित टक्केवारीवर गेला आणि अंतिम सामना ड्यूकला मिळाला. ड्यूकने तो जादा वेळेत २७–२० असा जिंकून विजेतेपद नेले. कोणती टक्केवारी कुठे वापरायची हे नियमपुस्तकात शब्दशः वाचा; ‘प्रतिस्पर्ध्यांची एकूण’ आणि ‘प्रतिस्पर्ध्यांची कॉन्फरन्समधली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

स्प्रेडशीटमध्ये मांडताना

विजय, पराभव आणि बरोबरी तीन वेगळ्या रकान्यांत भरा. ‘७–५’ असे एकाच पेशीत साध्या आडव्या रेघेने टाइप केलेत तर एक्सेल आणि गूगल शीट्स त्याची तारीख करून टाकतात. १३–० सारखी नोंद तारीख होऊ शकत नाही म्हणून मजकूर राहते. अर्धा रकाना तारखा, अर्धा मजकूर, आणि क्रम लावला की सगळाच खेळखंडोबा. जोडी दाखवायचीच असेल तर ती शेवटी तीन रकान्यांवरून सूत्राने जोडून दाखवा, किंवा भरण्याआधी रकान्याचे स्वरूप साधा मजकूर असे करा.

टक्केवारीच्या पेशीचे स्वरूप ‘सानुकूल’ निवडून त्यात एक टिंब आणि पुढे तीन शून्ये द्या. मग .७५० आणि १.००० दोन्ही नीट दिसतात. हंगाम सुरू होण्याआधी सामने शून्य असतात, तेव्हा शून्याने भागल्याची चूक येते. एकूण सामने शून्य असतील तर पेशी रिकामी ठेवा अशी अट सूत्रात घाला. तिथे .००० दाखवू नका, कारण ०–० आणि ०–३ या एक नव्हेत.

पूर्णांकनाचा एक बारीक सापळा आहे. टेक्ससची २०२४ ची एकूण नोंद १३–३, भागाकार नेमका .८१२५. चौथा आकडा ५ आणि पुढे काहीच नाही. एक्सेलमधले राउंड सूत्र ते .८१३ करते आणि क्रीडा तक्त्यांतही तेच छापतात. पायथनमधले राउंड मात्र अशा अगदी मध्यावरच्या संख्येला सम आकड्याकडे नेते आणि .८१२ देते. पूर्वी हे क्वचितच घडे, कारण १२ किंवा १३ ने भागल्यावर असा मध्य कधी येत नाही आणि आठाने भागल्यावर उत्तर तीन स्थळांतच संपते. सोळा सामन्यांत मात्र विजयांची संख्या विषम असली की तो दर वेळी येतो, आणि बारा संघांच्या प्लेऑफमुळे सोळा सामन्यांचे हंगाम आता होऊ लागले आहेत. प्रोग्राम लिहीत असाल तर डेसिमल मॉड्यूल घेऊन ‘अर्धा वर’ हा नियम स्पष्ट सांगा.

आणि क्रम लावताना पूर्णांकन केलेला आकडा कधी वापरू नका. पॅटर्नो ४०९–१३६–३ आणि फ्लोरिडा स्टेटचे बॉबी बाउडन, रद्द झालेले १२ विजय धरून, ३८९–१२९–४. दोघेही .७४९. कोण पुढे? तिरकस गुणाकार करा: ४१०.५ गुणिले ५२२ म्हणजे २,१४,२८१. ३९१ गुणिले ५४८ म्हणजे २,१४,२६८. पॅटर्नो पुढे, पाचव्या दशांश स्थळावर. बाउडन यांची अधिकृत नोंद ३७७–१२९–४ घेतली तर ते .७४३ वर येतात आणि प्रश्नच उरत नाही.

थोडे सामने आणि उलटा हिशेब

सप्टेंबरच्या मध्यात कितीतरी संघ १.००० वर असतात. २–० आणि १०–२ यांची तुलना करायचीच असेल तर वेस कॉली यांच्या पद्धतीची सुरुवात जिथून होते ते सूत्र उपयोगी पडते; ही पद्धत बीसीएसच्या संगणकीय क्रमवारींपैकी एक होती. विजयांत १ मिळवा, सामन्यांत २ मिळवा, मग भागा. २–० चे ३ भागिले ४, .७५०. १०–२ चे ११ भागिले १४, .७८६. २०२० मध्ये बिग टेन या कॉन्फरन्सने किमान सहा सामन्यांची अट काढून ५–० असलेल्या ओहायो स्टेटला अंतिम सामन्यात घेतले तेव्हा मागे इंडियाना ६–१ वर होते. साध्या हिशेबात १.००० विरुद्ध .८५७, या सूत्राने.८५७ विरुद्ध .७७८. क्रम तोच, अंतर कमी. हा आकडा अधिकृत नाही, तो अंदाजासाठी वापरा आणि तक्त्यात वेगळ्या नावाने ठेवा.

ठरावीक टक्केवारी गाठायला अजून सलग किती विजय हवेत, हेही काढता येते. लक्ष्य टक्केवारीला आतापर्यंतच्या सामन्यांनी गुणा, त्यातून आतापर्यंतचे विजय वजा करा, आणि उत्तराला १ वजा लक्ष्य टक्केवारीने भागा. अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्या. संघ ५–४ वर आहे आणि .७५० हवे: .७५० गुणिले ९ म्हणजे ६.७५, त्यातून ५ गेले, उरले १.७५, भागिले .२५, म्हणजे ७ विजय. नियमित हंगामात उरलेत तीनच सामने, तेव्हा जास्तीत जास्त ८–४, .६६७.

बोल पात्रतेसाठी लक्ष्य .५०० असते: सहा विजय आणि पराभव विजयांपेक्षा जास्त नकोत. बारा सामन्यांत या दोन्ही अटी एकच होतात. हवाईला मात्र नियमित हंगामात तेरावा सामना खेळण्याची मुभा आहे, आणि २०१६ मध्ये ते ६–७ वर, .४६२ वर थांबले. सहा विजय होते, टक्केवारी कमी पडत होती. त्या वर्षी बोल सामन्यांसाठी पात्र संघ पुरेसे नव्हते म्हणून त्यांना हवाई बोलमध्ये घेतले. तो त्यांनी ५२–३५ असा जिंकला आणि हंगाम ७–७ वर, .५०० ला संपवला.